भरती नसलेल्या पाण्यावर दोन दिवस

घाटावरच्या धरणाकाठी तंबूत राहायला जायचं हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. पुण्याला नोकरी करणारी आमची लेक ऑफिसच्या मंडळींबरोबर तिथे जाऊन आली आणि तेव्हापासून "आई, तुम्ही दोघं एकदा जाच" असं तिचं सुरू झालं. मी दर वेळी एकच विचारायची, झोपायला घरात गादी असताना तंबूचे पैसे कशाला द्यायचे?

मग मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, उद्यापन आटोपून मी भांडी आवरत होते, तेव्हा पेणहून वहिनीचा फोन आला.

"वन्सं, तुमच्या भावाला घेऊन जा कुठंतरी. आता माझ्याशीपन बोलत नाय. सकाळी खुर्चीत बसतात ते रात्री उठतात."

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. देवाच्या दयेने वेळेत दवाखान्यात पोचला, बोलणं परत आलं, चालणं परत आलं. डावा हात मात्र अर्धाच आला. डॉक्टर सांगतात, हातात जीव आहे, पण तो वापरला तर वाढेल. दादा वापरत नाही. बटणं वहिनीने लावायची, भाकरी तिने मोडून द्यायची, आणि कोणी आलं की हात टॉवेलाखाली. एकदा तो खाडीवर गेला होता. तिथे कोणीतरी थट्टेने म्हणालं, "काय रं दादा, हात खिशात? सायेब झालास काय?" म्हणणाऱ्याच्या मनात काही नसणार. दादाही हसला म्हणे. पण त्यानंतर खाडीकडे फिरकला नाही.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेणच्या खाडीकाठी आमची मिठागरं होती. चौथीच्या पुढची शाळा पलीकडच्या काठावर. आमच्या पाड्यातल्या मुलींनी चौथीनंतर शाळा सोडायची, कारण पाणी ओलांडून रोज कोण नेणार? मला दादाने नेलं. सहा वर्षं, होडीतून. जाताना ओहोटी मिळाली तर हात हलके चालायचे, नाही तर घामाघूम. मी उशिरा पोचले की मास्तर विचारायचे, "आज काय?" आणि मी म्हणायची, "भरती हुती." वर्ग हसायचा. आमच्या पाड्यातली दहावी पास झालेली पहिली मुलगी मी. आज हे चार शब्द लिहिते आहे ते त्या होडीमुळे.

म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या माझ्या मनात आलं, लेक सांगते त्या धरणावर होड्या आहेत, आणि तिथे दादाला ओळखणारं कोणी नाही. गावात हात दाखवायची लाज वाटत असेल तर जिथे गावच नाही तिथे नेऊन बघू. एकदा, एकदाच त्याने वल्हं हातात घ्यावं. एवढ्यासाठी मी तंबूचे पैसे द्यायला तयार झाले.

दादाच्या डॉक्टरांना आधी विचारलं. ते म्हणाले, जाकीट घालून, बरोबर माणूस असेल तर खुशाल. मग लेकीला बुकिंग करायला सांगितलं. तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर मधला वार धरा. शनिवार-रविवारी माणशी पंधराशेच्या पुढे मागतात, तेच मंगळवार-बुधवारी हजारात येतं. त्यात संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता धरलेला. होडीचे वेगळे. मी फोनवर आणखी शंभर कमी करायला लावले, ते लेकीला आवडलं नाही.

आदल्या दिवशी मी पेणला जाऊन दादाला घेऊन आले. वहिनी येणार नव्हती, सुनेचे दिवस भरत आले होते. दादाला मी होडीचं काही बोलले नाही. "हवापालट" म्हटलं. तो म्हणाला, "हवेला काय झालंय?" पण शर्ट बदलून बसला होता, म्हणजे यायचं होतं.

मंगळवारी सकाळी देवपूजा करून, गणपतीला दूर्वा वाहून आम्ही रोह्याला लागून असलेल्या आमच्या अष्टमी गावाहून निघालो. आमचे हे धाटावच्या कंपनीतून रिटायर झाले तेव्हा मिळालेल्या पैशातून एक जुनी व्हॅन घेतलेली आहे, तीच काढली. गाडी नसली तरी अडत नाही. रोह्याहून मिनीडोअर रिक्षाने कोलाड, आणि कोलाडहून पुढे जीप ठरवायची. एसटी आहे, पण तिच्या वेळेची खात्री मी देणार नाही. कोलाडला हायवेवर मिसळ खाल्ली. झणझणीत, पाव ताजे. महामार्गाचं काम अजून चालूच आहे, धूळ खायची तयारी ठेवा.

कोलाड सोडून सुतारवाडीच्या बाजूला वळलो की सगळं शांत होतं. दोन्हीकडे वालाची शेतं. भात काढून झाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात, त्यामुळे पौषातसुद्धा इकडे हिरवं दिसतं. ह्यांचं माहेर म्हणायला हरकत नाही, म्हणजे ह्यांचे सगळे नातेवाईक ह्याच पट्ट्यातले. दर दोन किलोमीटरवर "ही आत्याची जमीन, हा मामाचा गोठा" असं चाललं होतं.

दादा मागच्या सीटवरून पहिल्यांदा बोलला. "पावनं, तुमच्या आत्यानं बांध जरा बरा घातला असता तं पानी टिकलं असतं."

"दादा, ते शेत आहे, मिठागर नाही," हे म्हणाले.

"बांध तो बांधच."

ताम्हिणीचा घाट चढायला लागलो. रस्ता चांगला आहे, वळणं मात्र अशी की पोटातली मिसळ आठवते. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळा-सुपारी जवळ ठेवावी. वर गेल्यावर कानात दडा बसला, हवा गार झाली आणि एका वळणावर खाली पाणी दिसलं. डोंगरांच्या मधोमध, बोटं पसरल्यासारखं दूरवर गेलेलं. ह्यांनी गाडी बाजूला घेतली. ह्या धरणाचं पाणी वीज करून भिऱ्याला खाली सोडतात आणि तेच कुंडलिका नदीतून आमच्या रोहा-अष्टमीच्या पुलाखाली येतं. मी त्या पुलावरून रोज भाजी आणायला जाते. तीस वर्षांत कधी विचार केला नव्हता की हे येतं कुठून. मी गाडीतूनच हात जोडले.

मुख्य रस्ता सोडून शेवटचा तुकडा कच्चा आहे. तंबू धरणाच्या काठापासून साधारण घरापासून विहीर असते तितके लांब. आत जाड गाद्या, दोन-दोन ब्लँकेटं. संडास-बाथरूम पत्र्याचं पण स्वच्छ. मी आधी तेच बघितलं, तुम्हीही तेच बघा. फोनला रेंज नाही, एका मोठ्या दगडावर उभं राहिलं तर येते, त्यामुळे त्या दगडावर कायम कोणी ना कोणी उभं.

आमच्याशिवाय पुण्याची पाच-सहा मुलं होती. आणि होड्या सांभाळायला जवळच्याच वाडीतली प्राजक्ता नावाची मुलगी. ट्रॅक पँट, वेणी, गळ्यात शिट्टी, कपाळाला टिकली. तिने सगळं समजावून सांगितलं: कयाक म्हणजे प्लॅस्टिकची होडी, एकाची आणि दोघांची अशी दोन प्रकारची. त्याशिवाय पलीकडच्या टेकाडापर्यंत चालत जायचं, धनुष्यबाण, आणि दोरीला लटकून इकडून तिकडे घसरत जायचं. घसरायचे चारशे रुपये. मी एका मुलाला घसरताना पाहिलं. आरतीचं एक कडवं म्हणेपर्यंत संपतं. ते राहू दिलं. ह्यांनी धनुष्यबाण घेतला, पाचही बाण गवतात गेले, शोधायलाच अर्धा तास.

"काका, तुम्ही येताय का कयाकला?" प्राजक्ताने दादाला विचारलं.

"मी सामान राखतो," दादा म्हणाला आणि जांभळीखाली खुर्ची ओढून बसला. हात शालीखाली.

सामान म्हणजे माझी एक पिशवी. राखायला कशाला हवंय! पण म्हटलं, जबरदस्ती नको. आपणच आधी जाऊ, मला बघून येईल. साडी बदलून ड्रेस घातला, जाकीट घातलं, प्राजक्ताने पट्टे आवळले आणि मला एकटीला होडीत बसवून ढकलून दिलं. ती शेजारून दुसऱ्या होडीत.

वाचकहो, मी होडीत वाढलेली बाई आहे. पण ती लाकडी होडी, बाजूला दोन वल्ही, पाठ पुढे करून मारायची. ही गुळगुळीत, तोंड पुढे, आणि हातात एकच दांडा, दोन्ही टोकांना पातं. एकदा इकडून मारा, एकदा तिकडून. मी मारलं आणि होडी डावीकडे वळली. पुन्हा मारलं, आणखी वळली. मी जत्रेतल्या पाळण्यासारखी जागच्या जागी गोल फिरायला लागले. पुण्याची मुलं काठावरून टाळ्या वाजवायला लागली. प्राजक्ता सांगत होती, "मावशी, रिलॅक्स, दोन्हीकडे सारखं." सारखं म्हणजे किती ते हाताला कळेना.

आणि मग काठावरून आवाज आला.

"उजवं पान्यात धरून ठेव! धर, धर! आता डावं मार! आगो बाय, लोनी काढतंस काय? मार जोरात!"

दादा खुर्चीतून उठून पाण्याच्या कडेला आला होता. उजवा हात वर. खाडीत एका काठावरून दुसऱ्या काठावर पोचायचा तो आवाज. तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. वहिनीला तर हल्ली त्याचं साधं बोलणंही ऐकायला मिळत नव्हतं. मी उजवं धरलं, डावं मारलं, होडी सरळ झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला नीट दिसेना, त्यामुळे ती पुन्हा वळली.

"काय आंधली झालीस?"

परत आले तेव्हा म्हटलं, "दादा, माझ्यानं होत नाही. तू ये ना मागे बसून."

त्याने शाल सावरली. "माझं नको," म्हणाला. "दोन हात लागतात त्याला."

मी जाकीट काढून ठेवलं. पण जेवढं झालं तेवढंही मोठं होतं. चहा आणि कांदाभजी आली तेव्हा त्याने माझ्या बशीतलं एक भजं उचललं, लहानपणी उचलायचा तसं, विचारल्याशिवाय. मला वाटलं, उद्या सकाळी नक्की बसेल.

पण दिवस मावळताना जे झालं त्याने सगळं पाण्यात जाणार होतं.

त्या दिवशी पौर्णिमा होती, शाकंभरी. मी संध्याकाळी तंबूपुढे दिवा लावून स्तोत्र म्हणत होते. पुण्याची मुलं हळहळत होती की चांदण्यामुळे तारे दिसणार नाहीत. दादा पाण्याकडे बघत उभा होता. मग प्राजक्ताकडे गेला.

"बाय, होड्या वर नाय वढायच्या?"

"राहतात काका तिथंच. दोर लावलाय."

"आगो, आज पुनव हाय. उधान येल रातचं. तुमचे तंबू पन खाली हायत."

प्राजक्ताला स्वयंपाकघरातून हाक आली म्हणून ती "बघते हं काका" म्हणून गेली. दादा थोडा वेळ थांबला. मग स्वतःच वाकून, उजव्या हाताने एका होडीचं नाक धरून ओढायला लागला. मी दिवा तसाच ठेवून धावले. सांगते ते ऐकून हसा हवं तर, पण मलाही त्या क्षणी अजिबात वेगळं वाटलं नाही. पुनवेची रात्र, पाणी, काठाला होड्या, म्हणजे ओढायलाच हव्यात. आमच्याकडे लहान मूलसुद्धा हे जाणतं. मी दुसरं टोक धरलं. पुण्याच्या मुलांना वाटलं हा कॅम्पचा नेम असेल, तीही आली. दादा सांगत होता, "आनखी वर, आनखी वर, त्या झाडापातूर," आणि आम्ही सातच्या सात होड्या जांभळीपर्यंत नेऊन उलट्या घातल्या. मी तर आमच्या चपलाही उचलून उंच दगडावर ठेवल्या.

हे धनुष्यबाणाच्या बाजूने आले. होड्या बघितल्या, चपला बघितल्या, आणि पोट धरून खालीच बसले.

"अहो खारे लोकहो! धरणाला कुठली भरती?"

मग सगळेच हसले. मुलं हसली, स्वयंपाकघरातून बाहेर आलेली प्राजक्ता हसली, मीसुद्धा कपाळाला हात लावून हसले. कोणाच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. एक मुलगा तर म्हणाला, "काका, लय भारी व्यायाम झाला."

दादा हसला नाही. त्याचा हात शालीखाली गेला. जेवायला बसला पण दोन घास खाऊन उठला. जेवण चांगलं होतं, तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी, डाळ-भात. मुलांसाठी कोंबडी भाजत होते. मला आमची पोपटी आठवली, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा लावायच्या ती. एरवी दादाने त्यांना पोपटीवर मोठं भाषण दिलं असतं.

तंबूत शिरताना तो मला म्हणाला, "सकालीच निघू. माझा भेजा पन गेला, नुसता हात नाय."

मी ह्यांच्यावर चिडले. हे म्हणाले, "अगं, मी काय मुद्दाम..." आणि कुशीवर वळले. पांघरुणात मी जप करत पडून राहिले. मनात एकच, मी त्याला इथे आणून आणखी खचवलं. खुर्चीत होता तेच बरं होतं का?

पहाटे थंडीने जाग आली. दादाचा तंबू उघडा, आत कोणी नाही. शाल ओढून बाहेर आले तर तो पाण्याच्या कडेला उकिडवा बसला होता. पाण्यावर धुकं, आणि पलीकडचा डोंगर नुसताच अर्धा, खालचा भाग गायब. एक पाणकावळा खुंटावर पंख पसरून बसला होता.

"काय करतोस दादा?"

त्याने बोट दाखवलं. कडेला चिखलात एक काटकी रोवली होती, अगदी पाणी जिथे टेकतं तिथे. खाडीवर पाणी चढतंय की उतरतंय ते बघायला आम्ही अशीच काटकी रोवतो. सगळे हसून झाल्यावर, जेवायच्या आधी त्याने ती रोवली असणार.

"रातभर हल्लं नाय," तो म्हणाला. "बोटभर पन नाय."

"धरण आहे रे ते."

"ते कललं मना." मग म्हणाला, "बाय, खाडीत हात थांबला का खलास. ओहोटी लागली का पार दर्यात नेल. म्हनून मी उतरत नाय. लोकं हसतात म्हनून नाय काय. मधीच हा हात सुटला, तं परत कसा येनार?"

दोन वर्षं आम्ही सगळे समजत होतो की त्याला लाज वाटते. वहिनीला तसंच वाटत होतं, मलाही. तो भीत होता, आणि खाडीकाठच्या माणसाने ते कोणाला सांगायचं?

"आनि हितं?" मी विचारलं. मीसुद्धा नकळत गावचं बोलायला लागले होते.

"हितं थांबलं तं थांबलं. कुठं जातंय?" त्याने पाण्यात बोटं बुडवली, जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. मिठागरवाल्याची सवय. "आलनी. चव नाय काय नाय." मग उठला. "चल, ती मुलगी उठली का बग."

प्राजक्ता उठलेली होती, चुलीपाशी हात शेकत होती. कालचं आठवून बिचारी संकोचली. पण जाकिटं घेऊन आली आणि जांभळीखाली उलट्या घातलेल्या होड्या बघून म्हणाली, "काका, वर तुम्ही नेल्या, आता खाली पण तुम्हीच आणायच्या हां."

आणि दादा हसला. "आनतो. एवढी सवय हाय आमाला."

दोघांची होडी खाली आणली. तो मागे, मी पुढे. बसायच्या आधी त्याने पाण्याला हात लावून कपाळाला लावला, मीही. प्राजक्ताने दांडा त्याच्या मांडीवर ठेवला. डावा हात शालीतून बाहेर आला. बोटं जरा आखडलेली. उजव्या हाताने ती एकेक करून दांड्याभोवती गुंडाळली, जशी लहान मुलाची बोटं आपण पेन्सिलीभोवती बसवतो. मी पुढे तोंड करून बसले. बघायचं नाही असं ठरवलं होतं.

होडी ढकलली गेली. पहिलं मारलं तेव्हा ती डावीकडे वळली. दुसऱ्यांदाही वळली.

"तू नुसतं डावीकडं मार," मागून आलं. "उजवीकडचं मी बगतो."

मग जमलं. मी डावीकडे, तो दोन्हीकडे, जमेल तसा. त्या दांड्याची एक गंमत आहे ती मला तेव्हा कळली. वल्ही दोन असली की प्रत्येक हाताने आपापलं बघायचं. इथे दांडा एक. उजव्या हाताने ओढलं की डाव्याला त्याच्याबरोबर जावंच लागतं. ज्यांच्या घरी असा हात असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून बघावं, मी काही त्यातली जाणकार नाही. मला फक्त मागून पाण्याचा आवाज येत होता, एक मोठा, एक बारीक, एक मोठा, एक बारीक.

धुक्यातून आम्ही एका मातीच्या जिभेपर्यंत गेलो. तिथे तो थांबला. दांडा मांडीवर आडवा. होडी हलली नाही. कुठे गेली नाही. मी कितीतरी वेळाने मागे वळून पाहिलं. दादा डोंगराकडे बघत होता आणि डावा हात पाण्यात सोडलेला.

मला म्हणाला, "मास्तर काय म्हनायचा गो तुला? भरतीवाली?"

"तू कसा विसरला नाहीस?"

"तू रडत यायचीस ना रोज. मी होडी हानू का तुला गप करू?"

शाळेच्या दिवसांत कोण रडलं, कोण हसलं, असं सगळं निघालं. आईने दिलेली भाकरी-सुकट तो अर्ध्या खाडीतच खाऊन टाकायचा आणि घरी माझं नाव सांगायचा, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. चैत्रात मिठाचे ढीग उभे राहिले की चांदण्यात कसे दिसायचे, त्यावर पायाने नाव काढलं म्हणून वडिलांनी दोघांना कसं धरलं. ती मिठागरं आता नाहीत. काही विकली, काही बांध फुटून खाजणात, खाऱ्या दलदलीत गेली. आम्ही फक्त होती तेव्हाचं बोललो.

काठावरून ह्यांचा आवाज आला. "अहो भाऊ-बहीण! पोहे थंड झाले!"

"पावन्यांना सांग, खाऊन घ्या," दादा म्हणाला. "आमची भरती हाय आजून."

प्राजक्ताने वेळेच्या वर किती झालं ते मोजलं नाही. मी जास्तीचे दिले तर घेईना. मग पेणच्या पोह्याच्या पापडांचं पाकीट आणलं होतं ते तिच्या हातात ठेवलं.

पोहे खरंच थंड झाले होते. दादाने दोन बशा खाल्ल्या. बशी मांडीवर, चमचा उजव्या हातात. डावा परत शालीखाली. ह्यांनी हळूच विचारलं, "काय, झालं का?" मी मान हलवली. ते उठून दादाशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "दादा, कालचं मनावर घेऊ नका." दादा म्हणाला, "पावनं, पाच बान मारून गवत मारलंत तुमी. मी काय बोललो?"

उतरताना घाटात माकडांची टोळी होती, काचा बंद ठेवा. कोलाडला चहा घेतला. दादाला अष्टमीला मुक्काम करायचा नव्हता, सुनेची काळजी, म्हणून हे त्याला नागोठण्यावरून थेट पेणला सोडून आले. डोलवीच्या अलीकडे कंपनीच्या शिफ्टच्या गाड्यांची गर्दी लागली म्हणे. मी घरी उतरून आधी कपडे भिजवले, मग देवापुढे दिवा लावला.

आता खर्चाचं. तिघांचं मिळून राहणं, जेवण, होड्या, पेट्रोल आणि मिसळ धरून चार हजारांच्या थोडं वर गेलं. आमच्यासारख्या घराला हे कमी नाही. पण एखाद्या लग्नाच्या आहेरापेक्षा जास्तही नाही. जाणार असाल तर थंडीत जा, मधल्या वारी जा, कानटोपी आणि बदलायला कपड्यांचा जोड न्या, कारण त्या होडीत बूड ओलं होतंच. वयाने मोठं माणूस बरोबर असेल तर त्याला काठावर बसवून ठेवू नका, आणि ओढूही नका. आवाज येऊ द्यावा.

मी पुलावरून भाजीला जाताना आता थांबते थोडी. खाली कुंडलिका. पाणी वरून कधी सोडलंय ते कळतं, रंग बदलतो. ह्या पाण्याला खाडीचं पाणी पुढे कुठेतरी भेटतं, एक गोडं, एक खारं. दादा खाडीत परत उतरेल का, मला माहीत नाही. वहिनी म्हणते अजून खुर्चीतच बसतात, पण खुर्ची ओटीवरून अंगणात आली आहे. तेवढ्यावर मी समाधान मानायचं ठरवलं आहे. आणि त्याआधीचं एक सांगायचं राहिलं.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझा खांदा असा धरला की पोळी लाटवेना. तेल लावून बसले होते तर फोन वाजला. वहिनीचा असेल म्हणून उचलला.

"बाय, खांदा दुखतो काय गो तुझा?"

दादा. स्वतःहून फोन लावलेला.

"दुखतो रे. डावा. तूच सांगितलंस ना डावीकडेच मार. तुझा?"

"माझं दोनी दुखतात," तो म्हणाला.

मी तेलाचा हात पदराला पुसला आणि पुन्हा विचारलं, त्याला तेच पुन्हा म्हणायला लावायला.

"दोनी गो. दोनी."